वर्षभराने सावडलेली हाडं: प्राचीन जेरुसलेममधला दुसरा अंत्यविधी

दर काही वर्षांनी एक बातमी फिरते. जेरुसलेमच्या आसपास चुनखडीची पेटी सापडली, तिच्यावर बायबलमधल्या कुणाचं तरी नाव कोरलेलं आहे, आणि तज्ज्ञांमध्ये जुंपली आहे. बातमीसोबत फोटो असतो. तो पाहून बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो: एवढ्याशा पेटीत माणूस मावला कसा?

तर माणूस त्यात मावत नाहीच. मावतात ती त्याची हाडं, आणि तीही मृत्यूनंतर साधारण वर्षभराने आत ठेवलेली.

आपल्याकडे दहनानंतर तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन अस्थी सावडतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जेरुसलेममधली काही ज्यू कुटुंबंही अस्थी सावडत. पण तिथे दहन नव्हतं. जे काम आपल्याकडे अग्नी काही तासांत करतो, ते तिथे काळ आणि गुहेतली कोरडी हवा महिनोन्‌महिने करत राहायची. आणि सावडलेल्या अस्थी नदीत न सोडता दगडी पेटीत भरून, पेटीवर नाव घालून, घरच्याच थडग्यात ठेवून देत. या पेटीला आपण 'अस्थिपेटी' म्हणू. हिब्रूत या विधीचं नाव 'लिकुट अत्झामोत', म्हणजे सरळसरळ 'हाडं गोळा करणं'.

एका माणसाचे हे दोन अंत्यविधी का होत, कसे होत, आणि त्यावरून आपण किती निष्कर्ष काढावेत, एवढंच पाहू.

काळ कोणता, माणसं कोण

हेरोद राजाने जेरुसलेमचं मंदिर नव्याने बांधायला घेतलं ते इ.स.पू. २० च्या सुमारास. अस्थिपेट्या दिसू लागतात त्याच सुमाराला. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने शहर आणि मंदिर दोन्ही उद्ध्वस्त केलं, आणि पेट्यांचा भर तिथेच ओसरला. म्हणजे ऐन बहर जेमतेम नव्वद वर्षांचा, तीन-चार पिढ्यांचा. येशूचं आयुष्य याच काळात येतं, म्हणूनच या पेट्यांच्या बातम्या एवढ्या गाजतात.

माहिती मिळते दोन बाजूंनी. एक म्हणजे उत्खनन. दुसरी म्हणजे मिश्ना (ज्यू धर्मनियमांचं इ.स. २०० च्या सुमाराचं संकलन) आणि त्यावर पुढच्या शतकांत झालेली चर्चा, म्हणजे तालमुद. ही पुस्तकं वाचताना एक भान ठेवावं लागतं. आजोबांच्या लग्नाचं वर्णन नातवाने ऐकीव आठवणींवरून लिहावं, तसं त्यांचं आहे. बरंचसं खरं, थोडं 'असं असायला हवं होतं' या जातीचं.

पहिला दिवस

मृतदेह शक्यतो त्याच दिवशी पुरायचा. फासावर लटकवलेल्या गुन्हेगाराचाही देह रात्रभर तसाच ठेवू नये, असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात बजावलेलं आहे. मग आपल्या माणसाला कोण ठेवणार?

देह धुवायचा, तेल लावायचं, हनुवटी बांधायची. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, कसलंच काम करायचं नाही हा नियम कडक; पण मृतदेहाला धुणं आणि तेल लावणं तेव्हाही चालतं, फक्त एखादा अवयव हलवू नये, असं मिश्ना सांगते. हनुवटीसुद्धा वर उचलायची नाही, तोंड आणखी उघडू नये एवढ्यापुरतीच बांधायची. नियम किती बारकाईने विणलेले होते ते यातून कळतं.

मग तागाच्या कापडात गुंडाळून, तिरडीसारख्या शिडीवर घालून मिरवणूक निघे. नातेवाईक कपडे फाडत. बासरीवाले आणि भाडोत्री रडणाऱ्या बायका असत. गरिबातल्या गरिबानेही बायकोच्या अंत्ययात्रेला किमान दोन बासऱ्या आणि एक रडणारी बाई लावावी, असं रब्बी (म्हणजे ज्यू धर्मपंडित) यहूदा यांचं मत मिश्नेत नोंदलेलं आहे. म्हणजे किमान दरपत्रकच.

आणि हा खर्च टोचत होता. तालमुदात एक आठवण येते: एके काळी मयताचा खर्च नातेवाइकांना मृत्यूपेक्षा जड जाई, इतका की लोक देह तसाच टाकून पळून जात. शेवटी रब्बान गमलिएल या मान्यवराने स्वतःचा मान बाजूला ठेवला. आपल्याला साध्या तागाच्या कपड्यात न्या, असं त्यांनी ठरवलं, आणि मग इतरांना साधेपणाची लाज वाटेनाशी झाली. आपल्याकडे लग्नाच्या खर्चाबद्दल अशी एखादी कथा जमून आली असती तर किती बरं झालं असतं.

घरी परतल्यावर सात दिवसांचा शोक. पहिलं जेवण घरच्या चुलीवरचं नसे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं. ज्यांच्याकडे कडू घासाची रीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्यूंच्या या जेवणात मसूर असत. त्याचं तालमुदात दिलेलं कारण असं: मसुराच्या दाण्याला तोंड नसतं, आणि शोकात बसलेल्या माणसालाही तोंड नसतं, त्याला बोलायचं काही उरलेलं नसतं.

थडगं म्हणजे एक खोली

'कबर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जमिनीतला खड्डा येतो. या कुटुंबांची थडगी तशी नव्हती. टेकडीच्या मऊ खडकात खोदलेली ती एक खोली असे. दार एवढं बुटकं की वाकूनच आत जावं लागे. मध्ये उभं राहता येईल अशी खोल जागा, आणि भिंतींमध्ये आत आत गेलेले लांबट कोनाडे. भट्टीच्या तोंडातून पाव आत सरकवावेत तसा प्रत्येक कोनाड्यात एक देह सरकवायचा. या कोनाड्यांना 'कोखीम' म्हणत.

मिश्नेत या खोलीची मापं आहेत, आणि ती अंत्यविधीच्या प्रकरणात नाहीत. ती आहेत जागेच्या खरेदी-विक्रीच्या नियमांत. एखाद्याने थडग्यासाठी जागा विकली किंवा थडगं खोदून द्यायचं कंत्राट घेतलं, तर त्याने काय द्यायला हवं? आतली खोली ४ हात बाय ६ हात, तिच्यात आठ कोनाडे: दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि समोर दोन. प्रत्येक कोनाडा ४ हात लांब, ७ मुठी उंच, ६ मुठी रुंद. लगेच दुसरे रब्बी म्हणतात, छे, खोली ६ बाय ८ हात आणि कोनाडे तेरा. बिल्डरच्या करारात कार्पेट एरियावरून व्हावी तशी ही चर्चा आहे. प्रत्यक्ष सापडलेली थडगी या मापांशी क्वचितच तंतोतंत जुळतात, पण साचा तोच आहे.

दारावरच्या दगडाबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर करतो. ईस्टरच्या चित्रांत थडग्यासमोर जात्याच्या तळीसारखा मोठा गोल दगड दिसतो. जेरुसलेमभोवती या काळातली नऊशेहून अधिक खडकात कोरलेली थडगी नोंदलेली आहेत, आणि त्यांत असे गोल दगड मोजक्याच, बड्या घराण्यांच्या थडग्यांना आहेत. बाकीच्यांना बाटलीच्या बुचासारखा बसणारा चौकोनी दगड.

वर्ष सरल्यावर

कोनाड्यातल्या देहाचं मांस झडून गेलं की घरचे परत येत. हाडं उचलून पेटीत ठेवत, पेटी कोनाड्यात किंवा कट्ट्यावर सरकवत, आणि मोकळी झालेली जागा पुढच्या मृत्यूची वाट पाहत राही.

हा दिवस दुःखाचा की समाधानाचा? यावर मिश्नेत खरोखरच वाद आहे. सणाच्या मधल्या दिवसांत शोक करायचा नसतो. मग त्या दिवसांत आईवडिलांची हाडं गोळा करावीत का? रब्बी मेईर म्हणतात, करावीत, कारण माणसाला त्यात आनंद असतो. रब्बी योसे म्हणतात, करू नयेत, कारण त्याच्यासाठी तो शोकच असतो. जेरुसलेमच्या तालमुदात तोडगा निघतो: त्या दिवशी शोक करायचा, आणि दुसऱ्या दिवशी आनंद, कारण आता आपले वाडवडील न्यायापासून सुटून विसावले.

'न्यायापासून सुटले' म्हणजे काय? दुष्टांना मरणोत्तर शिक्षा होते ती बारा महिन्यांची, असं मिश्नेत एके ठिकाणी येतं. देह झडायलाही साधारण तेवढाच काळ लागतो. हे दोन हिशेब मनात एकमेकांवर बसले असावेत: मांस गेलं, त्याबरोबर दोषही गेले, उरलं ते स्वच्छ, पांढरं. आपल्याकडच्या वर्षश्राद्धानंतर घरात जो एक सुटकेचा श्वास सोडला जातो, त्याच्या जवळपास हे काहीतरी आहे.

शोकाच्या नियमांच्या एका जुन्या ग्रंथात (त्याचं नाव 'सेमाखोत', अर्थ 'आनंद', अशुभ विषयाला शुभ नाव द्यायची रीत तिथेही होती) एक प्रसंग आहे. रब्बी एलाझार बार झादोक सांगतात: वडील जाताना म्हणाले, मुला, मला आधी खाली पुर. नंतर माझी हाडं गोळा करून पेटीत ठेव, पण तू स्वतःच्या हाताने गोळा करू नकोस. मुलाने तसंच केलं. योहानान नावाचा माणूस आत गेला, त्याने हाडं गोळा केली, वर चादर पसरली. मग मुलगा आत आला, त्याने कपडे फाडले आणि हाडांवर सुकी सुगंधी पानं टाकली.

या सगळ्या विषयात मला जवळचा वाटतो तो हाच प्रसंग. नियमांच्या जंजाळात एक बाप मरताना एवढाच विचार करतो की पोराला माझी कवटी हातात धरावी लागू नये.

पेटी

पेटी मऊ चुनखडीच्या एका ठोकळ्यातून कोरलेली असे. मोठ्या माणसाची साधारण ६० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ३० उंच. माप कुठून आलं ते उघड आहे. शरीरातलं सगळ्यात लांब हाड मांडीचं; ते आडवं बसलं पाहिजे. कवटी आणि कमरेची हाडं रुंदीत आली पाहिजेत. बाकी सगळं मधल्या जागेत मावतं.

बऱ्याच पेट्या साध्या आहेत. काहींवर कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं आहेत, शाळेच्या कंपासपेटीतून आपण सगळ्यांनी काढली आहेत तशीच. इस्रायलच्या सरकारी संग्रहातल्या पेट्यांची सूची १९९४ मध्ये छापली गेली. तिच्यात ८९७ पेट्या आहेत. जवळपास चौथाई पेट्यांवर काहीतरी लिहिलेलं आहे: अरामी, हिब्रू किंवा ग्रीकमध्ये, कधी एकाच पेटीवर दोन लिप्यांत.

आणि अक्षर बहुधा वाईट असतं. सुबक नक्षीच्या पेटीवर खिळ्याने ओरखडल्यासारखी वाकडीतिकडी ओळ. याचं पुष्कळांना कोडं पडतं. पण लोणच्याच्या बरणीवर आपण चिठ्ठी लावतो ती पाहुण्यांसाठी नसते. अंधाऱ्या थडग्यात, दिव्याच्या उजेडात, घरच्यांना आपली पेटी ओळखता यावी एवढंच त्या अक्षराचं काम. एका पेटीवर 'आमचे वडील' असं लिहून पुढे 'उघडायची नाही' अशी ताकीद आहे. दुसऱ्या एका पेटीवर अशा अर्थाचं लिहिलंय की यातून कुणाला काही लाभ मिळालाच तर तो देवाला वाहिलेला आहे. म्हणजे चोरा, हात लावशील तर देवाचं चोरशील.

कधी कधी माणसाचा व्यवसायही लिहिलेला सापडतो. एका पेटीवर शिमोन, 'मंदिर बांधणारा'. हेरोदच्या त्या प्रचंड बांधकामावर राबलेला कुणी गवंडी किंवा मुकादम असावा. १९०२ मध्ये स्कोपस टेकडीवर सापडलेल्या पेटीवर ग्रीकमध्ये आहे: दरवाजे बनवणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या निकानोरच्या घरची हाडं. मंदिरातल्या निकानोरच्या दरवाजांचा उल्लेख मिश्ना-तालमुदात येतो. पुस्तकातलं नाव असं दगडावर भेटतं तेव्हा अभ्यासकही हरखतात.

जागा वाचवायला केलं असेल!

पहिला आक्षेप हाच येतो. थडगं महाग, माणसं मरत राहणार, मग हाडं आटोपशीर पेटीत भरून जागा मोकळी केली. व्यवहारी उत्तर आहे, पण पुरत नाही.

जागा मोकळी करायची तर हाडं एका कोपऱ्यात ढीग करून ठेवली की झालं. पूर्वी तेच करत. मंदिराच्या पहिल्या विध्वंसाआधीच्या, म्हणजे इ.स.पू. ५८६ आधीच्या थडग्यांत देह दगडी कट्ट्यावर ठेवत, आणि नंतर हाडं कट्ट्याखालच्या खड्ड्यात, आजोबा-पणजोबांच्या हाडांत ढकलून देत. 'तो आपल्या पूर्वजांना जाऊन मिळाला' हे बायबलमधलं वाक्य अशा थडग्यात अगदी शब्दशः खरं होतं. उलट दगडी पेटी करून घ्यायला पैसे पडतात, आणि ढिगापेक्षा ती जागाही जास्तच अडवते.

म्हणजे हाडं गोळा करणं जुनं होतं. नवी होती ती पेटी. पूर्वीचा ढीग म्हणजे एकत्र कुटुंबाचं एकच कोठार. आता वाडा तोच, पण प्रत्येकाची ट्रंक वेगळी, नाव घातलेली. अर्थात ट्रंक दर वेळी एकट्याचीच असे असंही नाही. एकाच पेटीत नवरा-बायको, आई आणि तान्हं मूल अशी हाडं पुष्कळदा एकत्र सापडतात.

मग पुनरुत्थानासाठी?

हे उत्तर बराच काळ चाललं. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, अशी परुशी पंथाची श्रद्धा होती. उठायचं तर आपली हाडं आपल्यापाशी हवीत, दुसऱ्याच्या हाडांत मिसळलेली नकोत, म्हणून पेटी. तर्क सुबक आहे.

अडचण अशी की सदूकी पंथ पुनरुत्थान मानत नव्हता, आणि मंदिरातली वरिष्ठ पुरोहित घराणी याच पंथाच्या जवळची होती. तरी त्यांच्या पेट्या सापडतात. १९९० मध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला बांधकाम चालू असताना एक थडगं उघडलं गेलं. त्यातल्या एका देखण्या पेटीवर 'येहोसेफ बार कयफा' असं दोनदा कोरलेलं आहे. येशूच्या चौकशीच्या वेळचा मुख्य याजक (मंदिराचा प्रमुख पुरोहित) कयफा तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पेटीत सहा जणांची हाडं होती: दोन तान्ही मुलं, एक लहान मूल, एक किशोर, एक बाई आणि साठीच्या आसपासचा एक पुरुष. शिवाय हाडं एकत्रच होती, म्हणजे 'माझी हाडं वेगळी' हा हिशेबही इथे कोसळला.

आज या प्रश्नावर तीन-चार उत्तरं शेजारी-शेजारी उभी आहेत. मंदिराच्या कामामुळे शहरात दगडफोडे आणि कारागीर भरपूर झाले आणि दगडी वस्तू आवाक्यात आल्या. चुनखडीची भांडी धर्मनियमांनुसार विटाळत नाहीत, म्हणून घराघरात तिचा वापर वाढलेलाच होता. रोममधले श्रीमंत त्या काळी दहनानंतरची राख नक्षीदार दगडी पेटीत ठेवत. जेरुसलेमच्या श्रीमंतांनी दहन टाळून फक्त पेटी उचलली असावी. आणि प्रत्येक माणसाला वेगळं नाव, वेगळी आठवण देण्याची ग्रीक-रोमन हवा तर होतीच. माझा कल दगड आणि पैसा यांच्याकडे आहे. फॅशन आधी येते, तिचा धार्मिक अर्थ मागाहून सापडतो. आपल्या कितीतरी रीतींचं असंच झालं आहे.

मृताला शिवणं विटाळ, मग हाडं कशी उचलत?

विटाळ होताच, आणि मोठा होता. मृतदेहाला हात लावला, किंवा एका छपराखाली त्याच्यासोबत असलं, की सात दिवसांचा विटाळ. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तांबड्या कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडून तो फिटायचा. वर्षभरानंतरच्या सुक्या हाडांचाही विटाळ तेवढाच.

आपल्या सुतकाशी हे जुळतं असं वाटेल, पण मूळ वेगळं आहे. सुतक नात्यावरून लागतं: भावकीतलं माणूस कोल्हापुरात गेलं तरी पुण्यातल्या घरात सुतक. त्यांचा विटाळ स्पर्शावरून आणि छपरावरून. परक्याच्या प्रेताजवळ गेलात तरी लागणार, आणि सख्खा भाऊ दूरदेशी वारला तर त्यामुळे लागणार नाही.

मुख्य म्हणजे विटाळ हे पाप नव्हतं. ती एक अवस्था होती, जिच्यात असताना मंदिरात जायचं नाही. पुरोहितांना जवळच्या नात्यांखेरीज प्रेताजवळ जायची मनाई, मुख्य याजकाला तर आईबापांसाठीही. पण वाटेत बेवारस प्रेत दिसलं आणि पुरायला कुणी नसलं, तर मुख्य याजकानेही विटाळ पत्करून ते पुरलं पाहिजे, असा नियम आहे. वल्हांडण या ज्यूंच्या मोठ्या सणाआधी अदार महिन्याच्या १५ तारखेला थडग्यांवर चुन्याच्या खुणा करत, म्हणजे गावोगावहून आलेला यात्रेकरू नकळत थडग्यावर पाय देऊन ऐन सणाला विटाळायचा नाही. 'चुना लावलेल्या कबरा' हा येशूच्या तोंडचा ढोंग्यांसाठीचा शब्दप्रयोग ऐकणाऱ्यांना रोजच्या पाहण्यातला होता.

सगळे ज्यू असं करत?

नाही, आणि पुष्कळ लेख इथेच घसरतात.

नऊशे थडगी ऐकायला पुष्कळ वाटतात. पण हजारो माणसांच्या शहरात, पिढ्यान्‌पिढ्यांत मेलेले सगळे त्यांत बसणं शक्य नाही. खडक कोरून खोली करून घेणं हे ऐपतवाल्याचं काम. येशूला ज्या थडग्यात ठेवलं ते अरिमथाईच्या योसेफाचं, आणि येशूचं चरित्र सांगणारा मत्तय त्याची ओळखच 'श्रीमंत माणूस' अशी करून देतो. बाकीचे लोक साध्या मातीत, खड्ड्यात जात. किद्रोन खोऱ्यात 'सामान्य लोकांची' दफनभूमी असल्याचा उल्लेख बायबलमध्ये त्याहून कितीतरी आधीच्या काळाचा आहे. परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत विकत घेतल्याची बायबलमधली गोष्ट तर प्रसिद्धच आहे. मातीतले खड्डे दोन हजार वर्षांत नांगरले गेले, पुसले गेले. खडकातल्या खोल्या टिकल्या. म्हणून आपल्याला 'ज्यूंची प्रथा' म्हणून दिसते ती वरच्या थराची प्रथा. दोन हजार वर्षांनी कुणी फक्त वाडे आणि राजवाडे पाहून 'मराठी माणूस कसा राहायचा' हे सांगावं, तसं होईल ते.

मृत समुद्राकाठचं कुमरान हे याचं दुसरं टोक. तिथे हजाराहून अधिक कबरी आहेत: एकेका माणसाचा सरळ खोल खड्डा, बहुतेक उत्तर-दक्षिण, वर दगडांची रास. कुटुंबाची खोली नाही, पेटी नाही, दुसरा विधी नाही. तिथे राहणाऱ्यांनी घरदार सोडलं होतं असं मानतात. मग बापाच्या शेजारी मुलाची पेटी ठेवायचा प्रश्नच कुठे येतो?

खुद्द जेरुसलेमच्या थडग्यांतही अपवाद होते. हिन्नोम खोऱ्यात २००० साली अभ्यासलेल्या थडग्यात एका पुरुषाच्या हाडांभोवती कफनाचे तुकडे टिकलेले मिळाले. त्याला कुष्ठरोग आणि क्षय दोन्ही असल्याचं तपासणीत दिसलं. त्याचा कोनाडा गिलावा करून बंद केलेला होता, आणि त्याची हाडं सावडायला कुणी परत आलं नाही.

नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला?

आता बातम्यांकडे परत. २००२ मध्ये 'याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ' असा लेख असलेली पेटी जगापुढे आली. २००३ मध्ये इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याच्या समितीने लेख बनावट ठरवला. पेटीच्या मालकावर खटला चालला. २०१२ मध्ये बनावटीच्या आरोपांतून तो सुटला, पण न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की यावरून लेख खरा ठरत नाही. पेटी उत्खननातून आलेली नव्हती, बाजारातून आली होती. ती कुठल्या थडग्यातली, शेजारी काय होतं, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

लेख खरा धरला तरी नावांची अडचण राहते. त्या काळी नावं थोडी आणि माणसं फार. शिमोन, योसेफ, येहूदा, येशू, याकोब घरोघरी. बायकांमध्ये तर मरियम आणि शलोम या नावांच्या रूपांनी जवळपास निम्म्या जणी व्यापलेल्या. चाळीतल्या एका मजल्यावर 'सुनील' म्हणून हाक मारा आणि किती दारं उघडतात ते पाहा.

म्हणून नावाविना बोलणारी हाडं कधी जास्त सांगून जातात. १९६८ मध्ये सापडलेल्या येहोहानानच्या पेटीत एक टाचेचं हाड होतं, त्यात अजून अडकलेला लोखंडी खिळा. क्रूसावर चढवताना खिळ्याचं टोक वाकलं असावं, त्यामुळे तो उपसताच आला नाही, आणि घरच्यांनी तो हाडासकट पेटीत ठेवला. रोमनांनी क्रूसावर मारलेल्या माणसालाही घरच्यांकडे सोपवलं जाई आणि त्याचा दुसरा विधीही होऊ शके, याचा हा पुरावा. त्याचं नाव नसतं तरी तो तेवढाच राहिला असता.

पुढे काय झालं

इ.स. ७० नंतर पेट्या घडवणारे कारागीर, त्या विकत घेणारी घराणी आणि ज्याच्याभोवती सगळं फिरत होतं ते मंदिर, एकदमच गेलं. दक्षिणेत आणि उत्तरेकडच्या गालील प्रांतात ओबडधोबड पेट्या आणखी काही काळ दिसतात. पुढे गालीलजवळच्या बेत शेआरीममध्ये मोठ्या दगडी शवपेट्या आल्या, दूरदेशीचे ज्यू आपली माणसं तिथे आणून पुरू लागले. आणि सर्वत्र टिकून राहिलं ते रब्बान गमलिएलचं साधं तागाचं कापड आणि माती.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडेही रीत आहे ती मातीचीच. अलिबागजवळच्या नवगावात, जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांना पुरल्याचं त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रूच्या खाली मराठी असते. वाचणारे घरचेच, तेव्हा घरची भाषा हवी.

इस्रायलमध्ये आज उत्खननात माणसाची हाडं निघाली की ती धर्मविषयक खात्याकडे सोपवून पुन्हा पुरावी लागतात. हाडं म्हणजे पुरावस्तू नव्हेत, असं तिथल्या महान्यायवादींनी १९९४ मध्ये ठरवून दिलं. कयफाची पेटी जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात काचेआड आहे, फुलांच्या नक्षीसकट. आतली हाडं मात्र ऑलिव्हच्या डोंगरावर नेऊन मातीत पुरली. पहिल्यांदा कोनाडा, दुसऱ्यांदा पेटी, आणि हा तिसरा.